सहा आकडे आणि ठमाबाईंच्या गोळ्या

निरवांगीच्या देवळात मुंगी शिरायला जागा नव्हती. फळ्यावर एकच संख्या लिहिलेली, १४२८५७, आणि तिला चक्क झेंडूचा हार! शेजारी अंकानंद महाराज खडू नाचवत उभे.

"जन्मवार सांगा, माउली!"

"मंगळवार," गेणूतात्या म्हणाले.

"सोमवार एक, मंगळवार दोन. गुणा मोबाईलवर!"

उत्तर आलं २८५७१४. तेच सहा आकडे, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात निराळी. बुधवारच्या ठमाबाईंचं आलं ४२८५७१. रविवारला तर ओळीने सहा वेळा नऊ! टाळ्या थांबेनात.

"आकडे फिरतात, पण तुटत नाहीत," महाराज गरजले. "तशी तुमच्या रक्तातली साखर नुसती फिरेल, अपाय करणार नाही. फेका त्या गोळ्या!"

सारजाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे ठमाबाईंनी, महाराजांच्या मागच्या प्रवचनात हेच ऐकून आठ दिवस गोळ्या सोडल्या होत्या. पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडत चालली होती आणि असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सारजा अंगणवाडीताई. दुपारी पोरं घरी गेल्यावर तिने तिथल्याच फरशीवर खडूने भागाकार करून करून या संख्येचं मूळ शोधलं होतं.

ती उभी राहिली. "महाराज, आठानं गुणू का?"

"बाई, आठवड्याला वार सातच!"

"म्हणूनच तुमी वार धरले, व्हय ना?" तिने मोबाईल वर धरला. ११४२८५६. एक आकडा वाढला होता आणि सात गायब.

"आत्या, हिकडं बघा," ती सासूकडे वळली. "एकाला सातानं भागायचं. दहात सात एकदा, बाकी तीन. तिसात चारदा, बाकी दोन. असं शून्य देत गेलं की हेच सहा आकडे येत्यात, अन् बाकी पुन्हा एक! सातानं भागल्यावर बाकी एक ते सहाच उरणार. समद्या एकेकदा आल्या की पुन्हा पहिलीची पाळी."

"कॅनॉलच्या पाण्यावानी?" ठमाबाईंनी विचारलं. चाळीस वर्षं त्या पाण्याच्या पाळीसाठी भांडत आल्या होत्या.

"तसंच! तुमचा बुधवार म्हंजे तीन. बाकी तीनपासनं सुरू केलं, की पाळी तितनं लागती. क्रम तोच."

ठमाबाईंनी हाराकडे पाहिलं. "आन् आमी पाळी लावणाऱ्या पाटकऱ्याला जन्मभर शिव्या घातल्या गं! हार कधीच न्हाय."

देवळात एकच हशा पिकला. महाराज "श्रद्धा... श्रद्धा..." करत राहिले, पण ऐकतो कोण? ठमाबाई लंगडत उठल्या. "सारजे, गाडी काढ."

इंदापूरच्या दवाखान्यात साखर निघाली तीनशे ऐंशी. ठमाबाई त्या आकड्याला खरोखर घाबरल्या आणि बरं झालं घाबरल्या. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, अंगठा वाचला, नख तेवढं गेलं.

संख्यांचं कौतुक जरूर करावं, देखण्याच असतात त्या. पण गणित जुळलं म्हणून जखम भरत नाही. जखमेला औषध लागतं आणि ते डॉक्टरला विचारूनच घ्यायचं.