पाहुण्यांसाठी जागा

आमच्या गावाला एकच बस होती. तिला सगळे म्हातारी म्हणत. चढावर ती धापा टाकायची, उतारावर कुरकुरायची, पण रोज सकाळी मला शहरातल्या शिवणाच्या दुकानात वेळेवर पोचवायची. माझ्या तक्रारी खूप असतात, पण म्हातारीबद्दल कधी नव्हती.

दुकानात मी बरीच वर्षं काजं-बटणं केली, मग मशिनीवर बसले. आता कापणीच्या टेबलाची पाळी माझी होती. कापड कापणारे जुने मास्तर थकले होते. मालकीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, "कात्री तुझ्या हातात देणार. फक्त वेळ चुकवू नकोस." कापड कापणारी बाई त्या अख्ख्या बाजारात नव्हती. मी पहिली होणार होते, आणि त्याचा मला फार गर्व चढला होता, खोटं कशाला बोलू!

तेवढ्यात सरकारला आमची आठवण झाली. सरकारला आठवण झाली की आम्ही आधी शेळ्या मोजून घेतो.

गावाच्या वर एक कडा आहे. तिथे आमच्या शेळ्यासुद्धा नाइलाजाने जातात. तिथून सूर्यास्त फार सुंदर दिसतो, असा शोध कुणीतरी लावला आणि धोरण आलं. रस्ता रुंद होणार, कड्यावर गॅलरी होणार, गावाचा विकास होणार. फक्त म्हातारी ठेवायची की नाही, हे बसमध्ये माणसं किती असतात ते पाहून ठरणार होतं. त्यासाठी मोठे साहेब जातीने येणार होते.

गाव कामाला लागलं. ड्रायव्हरने म्हातारीला आंघोळ घातली. मी उरलेल्या कापडातून सगळ्या सीटना निळी कव्हरं शिवली. एरवी न जाणाऱ्यांनीही शहरात काम काढलं. त्या दिवशी बस अशी भरली, की कंडक्टरला स्वतःचा हात सापडेना.

गावाबाहेर पडलो, तर वळणावर साहेबांची गाडी खड्ड्यात बसलेली. ज्या रस्त्याची पाहणी करायला निघाले, त्यानेच त्यांची पाहणी केली होती. सोबत पाच-सहा कर्मचारी, मोजमापाची यंत्रं, खोकी आणि 'चला निसर्गाकडे' असं लिहिलेले मोठाले फलक. साहेबांनी हात केला. म्हातारी थांबली.

आता आमच्या गावाची एक खोड सांगायला हवी. बाहेरचा माणूस बसमध्ये चढला की आमचा माणूस उठतो. पाहुणा उभा राहिला तर गावाला झोप लागत नाही. आणि ह्या खोडीचे सगळ्यात कडवे रखवालदार म्हणजे माझे सासरे.

सासरे उठले. ते उठले म्हणून मागची रांग उठली. खोकी उभी कशी राहणार, म्हणून आणखी दोन रांगा उठल्या. बसलेल्या पाहुण्यांच्या डोक्यावर लोंबकळत उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून उभे होते ते खाली उतरले. मग सासरेही उतरले.

मी बसूनच राहिले. सासऱ्यांनी खालून डोळे वटारले.

"सूनबाई, उतर."

"मामा, अहो, ते आपल्यालाच मोजायला आलेत!"

"मोजतील परत कधीतरी. ती यंत्रं बघ, किती महागाची आहेत. घरची माणसं चालत येतील."

"आणि माझं दुकान?"

"एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय? गावाची अब्रू गेली तर परत येते का?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी उतरले. माझ्या जागेवर एक फलक आडवा झोपला.

म्हातारी निघून गेली आणि तिच्यामागे आम्ही रांगेने चालू लागलो. मागच्या काचेतून साहेबांनी आमच्याकडे बघून हात हलवला. सासऱ्यांनी अभिमानाने उलट हात हलवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

महिन्याभराने अहवाल आला. सरपंचांनी तो चौकात वाचून दाखवला. बसमध्ये एकही स्थानिक प्रवासी आढळला नाही. स्थानिकांना पायी चालण्याची मनापासून आवड आहे, ती जपली पाहिजे. सबब, रस्ता पूर्ण होताच बस बंद. सासरे तडक उठले. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

रस्ता मात्र झाला, आणि काय झाला! लोण्यासारखा. त्यावरून पर्यटकांच्या गाड्या गावात न थांबता कड्यावर जातात. गावात एक देखणा बसथांबाही बांधला. बस नाही, पण थांबा आहे, तोही आरशासारख्या फरशीचा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

मी दोन आठवडे चालत दुकानात गेले. रोज उशीर. एके सकाळी पोचले, तर कापणीच्या टेबलाशी नवा मुलगा उभा होता आणि कात्री त्याच्या हातात होती. मालकीणबाई म्हणाल्या, "मी तरी किती थांबू गं?" त्यांचं चुकलं नव्हतं. परत येताना मी सबंध रस्ताभर रडले. रस्ता इतका गुळगुळीत होता, की एकदाही ठेच लागली नाही.

पुढे कड्यावर 'ग्रामीण अनुभव केंद्र' निघालं. तिथे म्हातारीला ओढत नेऊन, चाकं काढून, विटांवर बसवलं. नुसती बस फोटोत ओकीबोकी दिसते, म्हणून तिच्यात बसायला गावकरी हवे होते. पगारी. मला खिडकीची जागा मिळाली, मांडीवर गाठोडं धरून. सासऱ्यांना पुढची सीट, हातात काठी. निळी कव्हरं माझीच. गावाला बस मिळाली नाही; बसला मात्र गाव मिळालं.

परवा तेच साहेब आले, ह्या वेळी बायको-मुलांना घेऊन. दारातून आत डोकावले आणि खूश झाले.

"वा! अगदी खरीखुरी गर्दी! जरा उठता का, आजोबा? मुलांना बसवून फोटो काढतो."

सासऱ्यांनी काठी टेकली. सवयच ती. अर्धे उठलेसुद्धा. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. मी गाठोडं घट्ट धरून बसूनच होते. ते तसेच थोडा वेळ अधांतरी राहिले आणि सावकाश पुन्हा खाली बसले.

"जागा नाही, साहेब," ते म्हणाले. "बस भरलेली आहे. हवं तर मोजून घ्या."

साहेबांनी मोजलं नाही. त्यांनी फोटो काढला.