दयाला गाडी लागू नये म्हणून

मित्रांनो, मी मोटारीच्या पोटाखाली बसवलेली एक जुनी पोलादी कांब आहे. इंग्रजीत मला स्वे बार म्हणतात. माझा मालक याकोब मला नुसतं 'आडवी' म्हणायचा. त्याचा आणि माझा शेवटचा साधा दिवस होता, तिथूनच सांगते.

१९७३ सालच्या फेब्रुवारीतला तो सोमवार. याकोब नगरला टॅक्सी चालवायचा. त्याची मुलगी दया जामखेडच्या पलीकडे एका खेड्यात विज्ञान शिकवत होती. आठवडाभर ती तिथेच राही, रविवारी घरी येई, आणि सोमवारी सकाळी याकोब तिला शाळेवर पोचवे. त्या दिवशीही नेहमीसारखी जामखेडला मालनबाई गाडीत बसली. दुष्काळी कामावर, त्याच रस्त्याची खडी फोडायला ती निघाली होती.

दयाच्या खेड्याच्या फाट्याला डांबर संपलं. याकोबने गाडी कडेला घेतली आणि पान्हा घेऊन तो खाली शिरला.

"याकोबदादा, दर सोमवारी हितंच कशी बिघडती वो तुमची गाडी?" मालनबाईने विचारलं.

"बिघडली न्हाई. आडवीचं एक टोक मोकळं करतोय."

"मग आमालाबी करा मोकळं. मुकादम हजेरी मांडून बसला आसंल."

याकोब हसत बाहेर आला. हात झटकले आणि दयाकडे पाहून म्हणाला, "वळणांवर कसं वाटलं गं आज?"

दया वह्या तपासत होती. "ठीक. उशीर होतोय, बाबा."

"ठीक," तोही म्हणाला आणि गाडी चालू केली.

हा प्रश्न तो दीड वर्ष विचारत होता. त्याला उत्तर का हवं होतं, ते कळायला माझा जन्म ऐकायला हवा.

दयाला लहानपणापासून गाडी लागायची. नोकरी लागली तेव्हा दर सोमवारी ती पांढरीफटक होऊन शाळेत पोचे. मुलांसमोर उभं राहण्याआधी पिंपावर जाऊन तोंड धुवावं लागे. दोन महिन्यांतच तिने राजीनामा लिहिला. तो याकोबच्या हाती लागला. तो सरळ विल्सन मिस्त्रीच्या गॅरेजवर गेला.

"विल्सन, वळणावर गाडी कलती, तसं पोरीचं पोट ढवळतं. कलनं कमी कर."

विल्सनने लष्करी गाड्यांखाली माझ्यासारखी कांब पाहिली होती. दोघांनी आधी खिडकीचा गज वाकवून बसवला. पहिल्याच वळणावर तो वाकला तो वाकलाच, सरळ व्हायचं नाव नाही. विल्सन म्हणाला, "हा चोर अडवायला बरा, गाडी अडवायला न्हाई." मग लिलावात आलेल्या एका मिलिटरी ट्रकच्या भंगारातून मला उचललं. भट्टीत लाल केलं, दोन्ही टोकं वाकवली, तेलात विझवलं. मला धरायला रबर मिळेना. विहिरीवर इंजिन आल्यापासून एका शेतकऱ्याच्या गोठ्यात जुनी मोट पडून होती. तिच्या चामड्याचे तुकडे एरंडेलात भिजवून त्यांनी मला त्यांत आवळलं.

माझं काम सोपं आहे. मी डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत आडवी असते. वळणावर गाडीची एक बाजू दबली की मी पिळवटते आणि दुसऱ्या बाजूलाही खाली ओढते. म्हणून गाडी फारशी कलत नाही. पण हाच माझा दोषही आहे. कच्च्या रस्त्यावर एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही मी हिसका देते.

याकोब आणि विल्सनला हे ठाऊक नव्हतं. पहिल्या सोमवारी डांबर संपलं आणि खडीवर गाडी अशी उडू लागली की दयाचं डोकं छताला आपटलं. ती चिडली. मागे चार उतारू बसले होते. त्यांच्यादेखत म्हणाली, "बाबा, चाकांना कांब बांधून माणसाचं पोट थांबत नसतं. मी विज्ञान शिकवते, मला शिकवू नका."

पुढच्या सोमवारी याकोबने फाट्याला गाडी थांबवली, माझ्या एका टोकाची कडी सोडली, आणि परतताना डांबर लागल्यावर पुन्हा जोडली. तेव्हापासून तोच त्याचा रिवाज.

मित्रांनो, चाकांमधून मला सगळं कळतं. ओकारीसाठी ती गाडी पुन्हा कधी थांबली नाही. दयाने राजीनामा फाडून टाकला. पण याकोबने विचारलं की ती म्हणे, "आलेपाक चघळते, त्याने बरं वाटतं." पुढे आलेपाकही बंद झाला, तरी माझ्यामुळे बरं वाटतं असं ती म्हणाली नाही. चार माणसांत बोललेला शब्द मागे घ्यायला तिला जमेना. ती मायाळू नव्हती असं समजू नका. रविवारी ती बापाच्या सदऱ्यांची बटणं लावायची, त्याच्या ताटात स्वतःच्या वाटची भाजी सरकवायची. एवढं एकच वाक्य राहून जात होतं, आणि सोमवार तर दर आठवड्याला येतच होता.

याकोबने तिच्या गप्प बसण्याचा वेगळाच अर्थ लावला. त्या शेवटच्या सोमवारी परतल्यावर त्याने सुतळीने माझी जाडी मोजली. विल्सनला म्हणाला, "जरा जाड कांब बघ. पोरीला अजून त्रास होतो वाटतं. सोसती, पन बोलत न्हाई."

मंगळवारी दुपारी टॅक्सी स्टँडवर त्याच्या छातीत कळ आली. दवाखाना गाठेपर्यंत तो गेला होता.

पुढचे दोन महिने गाडी मिशनच्या आवारात लिंबाखाली उभी होती. माझ्या चामड्याला तेल द्यायला कुणी आलं नाही. ते सुकून तडकलं. उभं राहणं पोलादाला सोसत नाही; गंज आधी सांध्यांत शिरतो. तुमच्या घरी अशी एखादी मुकी वस्तू राबत असेल तर तिला अधूनमधून तेल द्या. आणि ती ज्याने बसवली तो हयात असेल, तर तिचा उपयोग होतोय हे त्याला वेळेवर सांगा. तेल उशिरा दिलं तरी चालतं.

एप्रिलमध्ये राहुरीचा गोरक्ष नावाचा बागाईतदार गाडी घ्यायला आला. वाकून त्याने खाली पाहिलं.

"ही मधीच काय भानगड हाय, मिस्त्री? आमचा रस्ता वावरातला. ही काढा, मग न्हेतो."

विल्सनने पान्हा लावला. दया गाडीच्या दाराला धरून उभी होती. तिच्याकडे न पाहताच तो म्हणाला, "दया, जाड कांब घालायची म्हणून याकोबनं माप घेऊन ठेवलं हुतं. पार शेवटपर्यंत त्याला तेच. तू खरं सांग. हिचा तुला काय उपयोग झाला का? नसंल झाला तर काढतो."

गोरक्ष चुळबुळत बाजूला झाला. दया चाकाजवळ उकिडवी बसली आणि हात आत घालून तिने मला धरलं. पावणेदोन वर्षांत तिचा हात मला पहिल्यांदाच लागला. ती बोलली ते विल्सनशी नव्हे.

"जाड नको होती, बाबा. हीच पुरत होती. तुम्ही ही बसवल्यापासून मला एकदाही गाडी लागली नाही. मला ते पहिल्याच महिन्यात कळलं होतं."