पाटे बसलेली गाडी

वखारीची जुनी गाडी डोंगरातल्या चढावर, पाठीवर ओंडके असताना, एक मोठा कडाका देऊन बंद पडली ती पडलीच. मिस्त्रीनं गाडीखालून डोकं बाहेर काढून नुसती मान हलवली, तेव्हाच वहिनी समजली की आता हिच्यामागे लागण्यात अर्थ नाही. दुसरी बघायला हवी.

लाकडाची ही वखार नणंद-भावजयीनं मिळून चालवलेली. गिऱ्हाईक, मजूर, जंगलखातं, सगळ्यांशी भांडायचं काम नणंदेचं. गाडी चालवायची ती भावजयीनं. वखारीत तिला सगळे वहिनीच म्हणत, अगदी तिच्या वडिलांच्या वयाचे करवतवालेसुद्धा. गाडी तिला नवऱ्यानं शिकवली होती, सैन्यातून रजेवर यायचा तेव्हा. तिथे तो ड्रायव्हर होता. नोकरी संपवून कायमचा घरी आला, त्यानंतर मात्र त्यानं कुठल्याच गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नाही. मागच्या शेडमध्ये बसायचा आणि कानस घेऊन करवतींना धार लावायचा. विचारलं तेवढंच बोलायचा, तेही हातचं राखून.

"अहो," वहिनी त्याला म्हणाली, "सुभेदाराकडे सैन्यातून निघालेली एक गाडी आलीय म्हणे. सगळ्या चाकांना इंजिनची ओढ आहे. डोंगराला तशीच हवी. येता का बघायला?"

"तुला कळतं की सगळं." कानस चालूच होती.

"तुमच्यातलीच गाडी ती. तुम्हाला जास्त कळणार."

"म्हणून तर नको," तो म्हणाला आणि करवत उलटी करून दुसऱ्या बाजूच्या दात्यांना लागला.

मग नणंद-भावजय दोघीच निघाल्या.

सुभेदार हा सैन्यात कधी गेला नव्हता. लिलावात सैन्याचा माल घ्यायचा आणि आपल्या आवारात मांडून विकायचा हा त्याचा धंदा. त्यात मिश्या आपोआप तशा झाल्या आणि लोकांनी हुद्दा देऊन टाकला. गावाबाहेरच्या त्याच्या आवारात पाण्याच्या टाक्या, तंबूंचे ढीग, जीपचे सांगाडे असं काय काय पडलं होतं. गाडी अगदी कडेला भिंतीला तोंड करून उभी होती. हिरवा रंग उन्हानं फिकटलेला. मागे ताडपत्रीचं छत, आत दोन्ही बाजूंना लाकडी बाकं.

"हात लावून बघा, लोणी आहे लोणी!" सुभेदार म्हणाला.

वहिनीनं आधी बॉनेटवरच हात ठेवला. थंडगार होतं. लबाड विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतो, म्हणजे पहिल्याच सेल्फला सुरू होतं. हा तेवढा लबाड नव्हता. मग पदर खोचून ती हातोडी घेऊन गाडीखाली शिरली. चॅसीवर टकटक करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. सगळीकडे ठणठणीत आवाज. गंजानं पोखरलेलं लोखंड बद्द बोलतं, तसं कुठेच बोललं नाही. ऑइलची काडी काढून दोन बोटांत चोळून पाहिली. कचकच नाही, पाणी शिरल्याचा दुधी रंग नाही. सेल्फ मारला तर इंजिन एकदा खाकरलं आणि गुमान चालायला लागलं. धूरही पांढरा, पातळ, लगेच विरणारा.

एकच गोष्ट तिला खटकली. मागचे पाटे. स्प्रिंगचे पाटे रिकाम्या गाडीत धनुष्यासारखे वाकलेले असतात; माल चढला की सरळ होतात. हे पाटे सरळ होते. सपाट, पट्टीनं रेघ मारल्यासारखे.

"हे असे का?"

"उभी राहून राहून थकलीय हो," सुभेदार म्हणाला. "बसून राहिलं की माणसाचीही कंबर धरतेच ना?"

वन्संनी तेवढ्यात मागे चढून बाकं हातानं दाबून पाहिली होती. फळ्या बसून बसून गुळगुळीत झालेल्या. कडेला कुणी कुणी टोकदार काहीतरी घेऊन कोरलेलं. एक कौलारू घर. एक पक्षी, त्याचा एकच पंख पुरा झालेला. वन्सं खाली उतरल्या त्या हात साडीला पुसत.

"फळ्या कोमट आहेत गं," त्या म्हणाल्या.

"ऊन आहे वन्सं."

"छताखाली कुठलं ऊन?"

चालवून बघितल्याशिवाय वहिनी कुठल्याच गाडीबद्दल बोलत नसे.

आवाराच्या फाटकातून गाडी बाहेर काढली आणि तिथेच तिच्या पायाला कळलं. क्लच सोडताना रिकामी गाडी कशी उडी मारल्यासारखी निघते. ही जडशीळ निघाली. पुढे साधा चढ होता, सायकलवालेही न उतरता चढतात असा. तिथे दुसऱ्या गिअरवर यावं लागलं. उतारावर ब्रेक दाबला तर मागून भार पुढे रेटत आला आणि गाडी तिला हवी होती त्याच्या बरीच पुढे जाऊन थांबली. वळणावर आधी पुढचा भाग वळला, मग जरा वेळानं मागचा झुकला, जसा भरल्या गाडीत झुकतो. आणि आवाज नव्हता. रिकाम्या गाडीचं मागचं फाळकं, त्याच्या साखळ्या, बाकं, सगळं खडखडतं. इथे सगळं दाबून धरल्यासारखं गप्प.

"मागे कुणी चढलंय का?" वन्संनी विचारलं. त्या मान वळवून केबिनच्या मागच्या छोट्या काचेतून बघत होत्या.

"तुम्हाला दिसतंय का कुणी?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. तू पुढे बघ."

वहिनीनं गाडी बाजूला घेतली. ब्रेक धरून राहिले असतील तर गाडी अशीच ओढल्यासारखी चालते आणि चाकं तापतात. तिनं उतरून एकेका चाकाच्या मध्यावर हात ठेवला. सगळी थंड. जॅक लावून मागचं चाक उचललं, हातानं गरकन फिरवलं. पाळण्यासारखं फिरत राहिलं. पण जॅकचा दांडा दाबताना तिला घाम फुटला. असा दांडा भरल्या गाडीलाच दाबावा लागतो.

जवळच खडी फोडायच्या कारखान्याचा वजनकाटा होता. गाडी काट्यावर चढवली. काटेवाल्यानं खिडकीतून आकडा सांगितला. गाडी नवी असताना तिचं जे रिकामं वजन दारावर रंगवलेलं असतं, बरोब्बर तेच.

"नीट बघा हो," वहिनी म्हणाली.

"बाई, काट्याला काय तुमच्याशी वैर आहे? रिकामी गाडी आहे, रिकामीच दाखवणार."

वन्सं गाडी काट्यावर चढायच्या आधीच उतरून बाजूला उभ्या होत्या. वहिनी परत चढून बसली तेव्हा त्या म्हणाल्या, "परत देऊन टाक. मला हिच्यात बसवत नाही."

"मला यांना एकदा दाखवायचीय."

"दादाला? वहिनी, तो गाड्यांचं नाव काढू देत नाही."

"म्हणूनच. त्यांना काहीतरी माहीत आहे."

वखारीच्या वळणावर गाडी आली तेव्हा शेडमधली कानस थांबली. वहिनीला ती ऐकू येणं शक्य नव्हतं, पण वळून आत शिरताना तिनं पाहिलं, नवरा दाराशी येऊन उभा होता, हातात कानस तशीच. गाडी दिसायच्या आधीच तो उठला असणार. तिनं इंजिन बंद केलं. तो गाडीभोवती फिरला नाही, बॉनेटकडे बघितलंही नाही. सरळ मागच्या चाकाशी जाऊन उकिडवा बसला आणि पाट्यांवर तळवा ठेवला. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"काट्यावर रिकामीच भरतेय," वहिनी म्हणाली. "ब्रेक धरून राहत नाहीत, चाकं मोकळी आहेत. पण चालते भरल्यासारखी. सैन्याच्या गाड्या अशाच असतात का हो?"

"नाही." तळवा पाट्यांवरच होता. "रिकामी गाडी खूप वाजते. आम्ही पोरांना वर चौक्यांवर सोडून यायचो. जाताना मागे बडबड, गाणी, उलट्या, शिव्या. परत येताना सगळा रस्ता साखळ्या वाजायच्या. तो आवाज मला नको वाटायचा." त्यानं हात काढून घेतला. "ही वाजत नाही ना?"

"नाही."

"माणसं आहेत हिच्यात."

वन्संनी तोंडावर हात घेतला. वहिनीला वाटलं, आपण त्याला हे दाखवायला नको होतं. पण तो वेडाबिद्रा दिसत नव्हता. उलट इतक्या दिवसांत प्रथमच तो समोर बघून बोलत होता.

"काय झालं असेल त्यांचं?" तिनं विचारलं.

"मला काय ठाऊक? रस्त्यात काहीतरी. पण उतरा म्हणेपर्यंत कुणी उतरत नाही, अशी शिस्त असते. म्हणायला कुणी उरलं नसेल." कानस त्यानं दाराच्या कोनाड्यात ठेवली. "चल. तू चालव."

"कुठे?"

"बसथांब्यावर. रजेवर आलेल्याला दुसरं कुठे उतरायचं असतं?"

तो केबिनमध्ये चढला. तिघं पुढे दाटीवाटीनं बसली, वन्सं मधे. वाटेत तो एवढंच बोलला, "खड्डा हळू घे. मागे बाकावरून उडतात."

आणि वहिनीनं, गाडीत काही नाही हे काट्यावर पाहून आलेल्या वहिनीनं, खड्डा हळू घेतला.

संध्याकाळची वेळ. थांब्यावर ही गर्दी. माणसं कामावरून परतणारी, पिशव्या, फळांच्या टोपल्या, चहाची टपरी, एक बस निघायच्या बेतात आणि कंडक्टर कोकलतोय. हिरवी गाडी शेजारी येऊन थांबली तसे लोक बघायला लागले. दादा उतरून मागे गेला. फाळक्याच्या दोन्ही खिट्ट्या काढल्या, फाळकं हातानं धरून अलगद खाली सोडलं. बाजूला सरकून उभा राहिला.

"आलं रे," तो म्हणाला. हुकूम नव्हता तो. झोपलेल्याला उठवताना लावतात तसा आवाज होता. "चला. सावकाश उतरा."

काही झालं नाही. टपरीवर कुणीतरी हसलं. वहिनीला नवऱ्याची दया आली, स्वतःचा राग आला, आणि ती त्याचा हात धरायला पुढे होणार तेवढ्यात मागचा पाटा कुरकुरला.

एकदा. मग पुन्हा. दर वेळी गाडीची मागची बाजू नखभर वर येत होती. दादानं कोपर पुढे केलं होतं, उंचावरून उतरणाऱ्याला आधार द्यावा तसं, आणि प्रत्येक कुरकुरीसरशी ते कोपर किंचित दबत होतं. वहिनीनं ते डोळ्यांनी पाहिलं. तिच्या अंगावरून वारा गेला नाही, थंडी वाजली नाही. फक्त बाजूनं माणसं जावीत तशी धूळ हलली, आणि एक ओळखीचा वास आला. घामाचा आणि बुटांच्या पॉलिशचा, नवरा रजेवर यायचा तेव्हा दारातच यायचा तो.

"काय चाललंय हे?" बसचा कंडक्टर जवळ येऊन म्हणाला. "गाडी आडवी लावलीय. बस काढायचीय मला."

जंगलखात्याला पुरून उरलेल्या वन्सं कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण आवाज खणखणीत.

"थांबा जरा. माणसं उतरतायत."

कंडक्टरनं रिकाम्या गाडीकडे पाहिलं, वन्संकडे पाहिलं, पाट्यांचा आवाज ऐकला. मग डोक्यावरची टोपी काढली आणि बाजूला झाला. टपरीवरही हसायचं थांबलं होतं.

किती वेळ चाललं ते वहिनीला पुढे कधी सांगता आलं नाही. कुरकुर थांबली तेव्हा पाटे धनुष्यासारखे वाकलेले होते आणि फाळक्याची साखळी वाऱ्यावर आपोआप वाजत होती. दादा मात्र हललेला नव्हता. तो आत, डाव्या बाकाच्या केबिनकडच्या कोपऱ्याकडे बघत होता.

"झालं ना?" वन्संनी विचारलं.

"एकजण राहिलाय."

"मग सांग ना त्याला."

"सांगितलं. नको म्हणतोय." त्यानं जरा थांबून कान दिला, मग मान हलवली. "जायला नसेल कुठे. राहू दे. ज्याला उतरायचं नाही त्याला ओढून काढायचं नसतं."

परत जाताना तो पुढे बसला नाही. मागे चढला आणि उजव्या बाकावर, त्या कोपऱ्याच्या समोर बसला. साखळ्या सगळा रस्ता खडखडत होत्या. त्या खडखडाटातून वहिनीला मधूनमधून त्याचा आवाज ऐकू येत होता. लांबलचक बोलत होता, मधे थांबत होता, पुन्हा बोलत होता. घरी कायमचा आल्यापासून तो तिच्याशी एवढं कधी बोलला नव्हता. तिला आधी बरं वाटलं. मग कुठेतरी दुखलं. काचेतून मागे बघायचं तिनं टाळलं.

दुसऱ्या दिवशी व्यवहार झाला. सुभेदारानं गाडीखाली वाकून बघितलं आणि चक्रावला. "पाटे उचलले कसे हो? तुम्ही बदललेत की काय?"

"थकली होती म्हणालात ना," वहिनी म्हणाली. "चालवली, मोकळी झाली."

गाडी चांगली निघाली. डोंगरावर जाते, मिस्त्रीचं तोंड बघावं लागत नाही. वन्संनी ताडपत्रीचं छत काढायला लावलं, बाकं उखडायला लावली, म्हणजे ओंडक्यांना जागा होईल. मजुरांनी सगळं काढलं. डाव्या बाकाचा केबिनकडचा तुकडा तेवढा वहिनीनं ठेवायला सांगितला, आणि वन्संनीही का म्हणून विचारलं नाही. ओंडके भरताना ती स्वतः उभी राहते आणि उजव्या बाजूला एखादा जास्त टाकायला लावते. तसं केलं की गाडी सरळ चालते. नवा मजूर असला तर म्हणतो, वहिनी, उजवीकडे जास्त होतंय. जुने त्याला गप्प बसवतात.