चोविसावी जागा

तुम्ही झाडं लावायला ते रान नांगरलंत, आणि खाली काय आहे हे कुणालाही विचारलं नाहीत. टेबलावर नकाशा पसरलात, जागा रिकामी दिसली, ट्रॅक्टर पाठवलात.

तो नकाशा माझाच होता. शुक्रवारी तुमच्या ऑफिसात आलो तेव्हा तुमच्या साहेबाने तो माझ्या नाकासमोर नाचवला.

"मिस्टर गिल्व्हरी, खाली सही कुणाची?"

"माझी."

"ड्रमकारा पॅरिशमधली जुनी ठिकाणं, एकूण तेवीस. झाडं लावलीत त्या तुकड्यात एक तरी आहे?"

"त्या तुकड्याला किलीन म्हणतात, साहेब."

त्याने शब्दकोश मागवला. खरंच मागवला. "किलीन म्हणजे लहान चर्च. आमचा माणूस जाऊन आलाय. तिथं चर्चचा एक दगड नाही."

"दगड होते. गुडघ्याएवढेही नव्हते, पण ओळीनं होते."

"शेतात दगड असायचेच," तो म्हणाला, आणि घड्याळ बघितलं.

मी एकतीस वर्षं या पॅरिशमध्ये, आमच्या चर्चच्या हद्दीतल्या सगळ्या वाड्यांवर, सायकलवरून टपाल वाटलं. शाळा बाराव्या वर्षी सुटली. वाटा मात्र पाठ झाल्या. पुढे रविवारी लोकांना फिरवू लागलो. आमच्या धर्मावर बंदी होती तेव्हा जिथे चोरून मिस्साची उपासना व्हायची तो खडक, पवित्र विहीर, टेकडीवरचा मातीचा गोल कोट, दुष्काळात ओस पडलेली अकरा घरं. विहिरीकडून कोटाकडे चढताना डाव्या हाताला ते रान, तेव्हा डर्कनचं, आलं, की मी ओरडायचो, "पायाकडे बघा हो, इथं घसरतं!" तिथे कधीच घसरत नव्हतं. सगळे खाली बघायचे, रान मागे पडायचं.

किलीन म्हणजे काय, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आणि कुणी बोलायचं नाही. बाप्तिस्म्याआधी गेलेलं मूल चर्चच्या स्मशानात घेत नसत. बापाने ते पहाटे खोक्यातून तिथे न्यायचं, पुरायचं, डोक्याशी शेतातलाच दगड ठेवायचा. नाव नाही. आईने अंथरुणातच राहायचं आणि पुढे कधी विचारायचं नाही. १९५७च्या मार्चमध्ये मी आमची मुलगी तशीच नेली. खोकं सायकलच्या पुढच्या टपालाच्या टोपलीत मावलं.

दहा वर्षांपूर्वी पॅरिशच्या हॉलमध्ये मी नकाशा काढत होतो. शेजारचा बर्नी टॅन्सी कानाशी येऊन म्हणाला, "कोलमन, आमच्या लाजेलाही नंबर देणारेस का? अमेरिकेतले पाव्हणे येऊन फोटो काढतील." मी पेन ठेवलं. माझी बायको ऊना चहा देत होती. तिने तेवीस ठिपके बघितले, आणि पुढचा कप भरला.

चूक माझी. हवं तर लिहून देतो.

या सप्टेंबरात डॉक्टरांनी ऊनाला घरी पाठवलं. पुढची तारीख दिली नाही. बुधवारी ती म्हणाली, "रविवारी मीपण येते तुझ्याबरोबर."

"तुला कधीपासून तो खडक बघावासा वाटायला लागला?"

"खडक गेला खड्ड्यात. मला तिचा दगड बघायचाय."

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ती 'तिचा' म्हणाली.

गुरुवारी मी वाट बघायला गेलो. पश्चिमेच्या कोपऱ्यातून सातवा दगड, वर पांढरी रेघ, एवढं मला पाठ होतं. रान उभं चिरलेलं होतं. मातीच्या वरंब्यांवर स्प्रूसची, त्या सुईसारख्या पानांच्या झाडांची, वीत-वीत रोपं. दगड एकही नाही. टॅन्सी कुंपणाला टेकून उभा होता.

"डर्कनच्या पोरांनी इंग्लंडात बसून विकलं रे. त्यांना कोण सांगणार होतं?"

"तू इथं होतास ना? ट्रॅक्टर बघितलास ना?"

"बघितला. दगड ट्रॉलीत भरून नेले तेही बघितलं. काय सांगून अडवू?" मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझी दोन आहेत इथं."

चाळीस वर्षं आम्ही शेजारी आहोत. मला माहीत नव्हतं.

ऊनाला घरी काही सांगायची माझी हिंमत झाली नाही. रविवारी तिने मिस्साला जायचा ठेवणीतला कोट घातला. वाटेत तीनदा बसली. कुंपणापाशी पोचल्यावर तिने रोपांच्या ओळी बघितल्या.

"कुठला?"

मी बोट दाखवलं. एका रोपाकडे. कुठल्याही.

"आणि दगड?"

"खाली दबला असेल."

ती तारेखालून वाकून आत गेली, गुडघ्यांवर बसली. हातमोजा काढला. रोपाभोवतीची माती चारी बाजूंनी दाबत गेली, पांघरूण खोचावं तशी.

"चांगली जागा बघितली होतीस," ती म्हणाली. "वारा लागत नाही इथं."

तिने आयुष्यात एकच गोष्ट विचारली आणि मी तिच्याशी खोटं बोललो. तुमच्यामुळे बोललो आणि माझ्यामुळेही; माझ्या वाट्याचं मी बघून घेईन.

तुम्ही तुमचं बोला. शब्दकोश नको, नकाशा नको. ट्रॉली कुठे रिकामी केलीत? रस्त्याच्या भरावात, की कुणाच्या बांधात? सरळ उत्तर द्या, आणि ऊना आहे तोवर द्या.