ताईंच्या मानेतली गाठ

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. भिंगे घासणाऱ्या एका कारागिराच्या हातून मी घडलो आणि रुग्णालयाच्या तपासणीखोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर आलो. तिथल्या डॉक्टरबाई मला फार जपत. "याला खोटं बोलता येत नाही," असे गमतीने म्हणत.

एकदा रेल्वे स्टेशनवर घोषणा करणाऱ्या ताईंच्या मानेतल्या गाठीचा तुकडा आला. त्यांचा आवाज घोगरा झाला होता. बोलून बोलून घसा बसला असेल, असे समजून त्यांनी कितीतरी महिने गुळण्यांवर काढले. गाठ हाताला लागू लागली, तेव्हा कुठे त्या आल्या.

बाईंनी त्या तुकड्याचा पातळ काप लावलेली काच माझ्याखाली सरकवली. लांबट पेशी दाटीवाटीने भरल्या होत्या आणि जागोजागी एकीच्या दोन होत होत्या. मग त्यांनी वेगळे रंग देऊन पाहिले, दुसऱ्या तज्ज्ञांनाही काच पाठवली. मत तेच पडले. मज्जातंतूचा कर्करोग, अगदी क्वचित आढळणारा.

ताई स्वतः आमच्या खोलीत आल्या.

"मला बघू द्या ना," म्हणत त्यांनी माझ्यावर डोळा लावला. गुलाबी-जांभळ्या लाटा पाहून त्या थबकल्या. "अगंबाई! किती सुंदर दिसतंय हो हे!"

"दिसण्यावर जाऊ नका, ताई. ज्या नसेवर ही गाठ आहे, तीच तुमचा आवाज चालवते. गाठीबरोबर तीही काढावी लागेल."

"मग माझी लेक फोनवर मला ओळखणार कशी?"

बाईंनी खुर्ची ओढून त्यांना जवळ बसवले.

शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. ताईंचा आवाज कुजबुजीएवढा उरला. पुढच्या वर्षी त्यांच्या फुप्फुसातला तुकडा माझ्याखाली आला. त्याच लांबट पेशी तिथेही पसरल्या होत्या, मी लगेच ओळखल्या. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. त्या दुखण्यातून ताई उठल्या नाहीत.

नंतर लेक बाईंना भेटायला आली. "शेवटपर्यंत फोन करायची हो आई. शब्द कळायचे नाहीत, पण मी हो हो म्हणायचे," एवढे बोलून ती रडू लागली.

आता कॅमेऱ्याचे नवे यंत्र आले आहे आणि मी कपाटावर पडून आहे. त्याचे मला फारसे वाटत नाही. तो पहिला तुकडा आधी आला असता तर ताई वाचल्या असत्या का, हे मात्र मला आजही सांगता येत नाही.

मित्रांनो, घरात कुणाच्या मानेत गाठ वाढत असेल, आवाज बरेच आठवडे बसलेला असेल, तर त्यांना हाताला धरून दवाखान्यात न्या. ते म्हणतील, "काही नाही रे, घसा बसलाय." त्यांचे ऐकू नका.