गाव्रिलचा तपकिरी सूट

नवा एल्डर बुधवारी दुपारी आला आणि आल्या आल्या त्याने आमच्या जिन्यातला दिवा डोक्याने फोडला. काच खळकन खाली. मी तिसऱ्या मजल्यावरून ओरडले, "कोण रे तो आडदांड?" खालून उत्तर आलं, "शुभ दुपार, सिस्टर! मी फार आनंदी आहे!" त्याचं रोमानियन ऐकून दाढ दुखावी असं होतं, पण आवाज खणखणीत. मला तो तिथेच आवडला.

एल्डर म्हणजे वडीलधारा. आमच्या मॉर्मन चर्चमध्ये प्रचाराला घर सोडून आलेल्या पोरांना असंच म्हणतात, आणि बायकांना सिस्टर, त्याला मी काय करू? हा वडीलधारा एकोणीस वर्षांचा होता. नाव हॅसलम, अमेरिकेतल्या आयडाहोचा, बापाची बटाट्याची शेती. आमच्या ब्लॉकच्या कुठल्याही दारातून आत येताना त्याला वाकावं लागे, आणि दर वेळी तो ते विसरे.

त्याचा जोडीदार एल्डर बारोस. तो ब्राझीलचा, हिवाळ्यापासून आमच्या गावात होता, भाषा फर्डी. जोडीतला मोठा तो, त्यामुळे नियम सांभाळायचं काम त्याचं. दोघांनी कायम एकमेकांच्या नजरेसमोर राहायचं. एकट्या बाईच्या घरात पाऊल टाकायचं नाही. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. बारोस झोपेतही पट्टी लावत असावा असा मला दाट संशय होता.

गुरुवारी आणि शुक्रवारी दोघांनी नदीकडची सगळी वस्ती पालथी घातली. दारं ठोठावत हिंडायचं, हेच त्यांचं काम. बाई दार उघडायची, वर बघायची, आणखी वर बघायची, आणि दार लागायचं. संध्याकाळी, माझा नवरा घरी असताना, माझ्याकडे मामालीगा, म्हणजे मक्याची उकड, आणि चीज खायला आले तेव्हा बारोसचा चेहरा उतरलेला आणि हॅसलम मात्र मजेत.

"काय रे, किती दारं उघडली आज?" मी विचारलं.

"सगळी, सिस्टर स्मारांदा! सगळी उघडली!"

"आणि मग?"

"मग सगळी बंद झाली. पण उघडली ना!"

मी त्याच्या ताटात आणखी एक डाव वाढला. मी या चर्चमध्ये येऊन वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत रडकी पोरं पाहिली, घराच्या आठवणीने आजारी पडणारी पाहिली, देवाला मीच ओळखतो असा तोरा मिरवणारीही पाहिली. हा वेगळाच नग होता.

माझ्या समोरच्या दारात वेतुरिया राहते. आमची मैत्री लग्नाआधीपासूनची आणि भांडण वीस वर्षांचं. मी गावाचं जुनं चर्च सोडून मॉर्मन झाले ते तिने कधी माफ केलं नाही. औषधांच्या दुकानावर आमची प्रार्थनेची जागा आहे. तिथून जाताना ती भूत दिसल्यासारखी घाईघाईने छातीवर बोटांनी क्रूस काढते. बाकी लोणच्याच्या बरण्या आणि उखाळ्यापाखाळ्या आम्ही रोज वाटून घेतो.

तिचा नवरा गाव्रिल हिवाळ्याच्या शेवटाला गेला. अवाढव्य माणूस. अग्निशमन दलाच्या बँडमध्ये सगळ्यात मोठं पितळी वाद्य तोच वाजवायचा, कारण ते दुसऱ्या कोणाला उचलायचंच नाही. शनिवारी त्याचे चाळीस दिवस भरत होते आणि वेतुरियाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

चाळिसाव्याला मेलेल्याच्या मापाचा माणूस शोधायचा आणि त्याला डोक्यापासून पायापर्यंत कपडे द्यायचे. हातात पेटती मेणबत्ती घेऊन द्यायचे. घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत. 'देव त्याला क्षमा करो' म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, तेच कपडे घालून प्रार्थनेला जायचं. म्हणजे ते तिकडे मेलेल्यापर्यंत पोचतात. आणि गाव्रिलच्या मापाचा माणूस आमच्या गावात काय, पंचक्रोशीत नव्हता. तिच्या भाच्याला, कोर्नेलला, कोट घालून पाहिला तर बाह्या गुडघ्याला लागल्या.

"हसू नकोस," ती मला म्हणाली होती. "तो तिकडे बाह्या दुमडून हिंडेल. रोज स्वप्नात येतो गं. पुरला त्याच शर्टात. कॉलर काळीकुट्ट झाली आहे. बोलत नाही, नुसता कॉलरला हात लावतो."

मी हसले नव्हते.

तर शुक्रवारी जेवून ही पोरं माझ्या दारातून बाहेर पडली आणि वेतुरिया जिन्यात उभी. तिने हॅसलमला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग खांद्यांकडे पाहिलं. मग पायांकडे पाहिलं. आणि म्हणाली, "पोरांनो, माझ्याकडे या. माझं तुमच्याकडे काम आहे."

दोघांचे चेहरे असे उजळले की काय सांगू! वस्ती पालथी घालून एक दार उघडं राहिलं नव्हतं, आणि इथे आपणहून बोलावणं! वेतुरिया एकटी बाई, म्हणून नियमाप्रमाणे मला सोबत जावं लागलं. आत शिरताना हॅसलमचं डोकं चौकटीला आपटलं आणि वेतुरिया एकदम म्हणाली, "तिथेच! तिथेच आपटायचं त्याचंही!"

बारोसने पुस्तक काढलं, मान झुकवून छोटी प्रार्थना केली. हॅसलम ताठ बसला. आयुष्यातला पहिला धडा द्यायचा होता, पाठ केलेलं वाक्य ओठांवर तयार होतं.

"आपल्याला माहीत आहे का, की देव आपला प्रेमळ पिता आहे?"

"माहीत आहे," वेतुरिया म्हणाली. "पाय पुढे कर."

"काय?"

"पाय रे, पाय! बूट काढ."

ती गुडघ्यांवर बसली, बाजेखालून खोकं ओढलं आणि त्याच्या पायात गाव्रिलचा न वापरलेला बूट सरकवला. टाच आत गेली. तिने अंगठ्याने पुढचं टोक दाबून पाहिलं. मग ती तिथेच जमिनीवर बसली आणि रडायला लागली. दफनाच्या दिवशी ही बाई रडली नव्हती, पाव्हण्यांना वाढत होती.

हॅसलमने घाबरून विचारलं, "मी काय चुकीचं बोललो?"

वेतुरियाने कपाट उघडलं. तपकिरी सूट, रुंद कॉलरचा. पिवळसर शर्ट, नारिंगी टाय, हॅट, पायमोजे, आतले कपडे, रुमाल. सगळं इस्त्री करून एकावर एक रचलेलं. काय हवं आहे ते तिने बारोसला सांगितलं, तसा त्याचा रंग उडाला.

"मॅडम, आम्हाला वाईट वाटतं. पण रविवारी आमची सभा असते. पांढरा शर्ट, गडद सूट. तो इथला नवा आहे, त्याला सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं आहे. असं चालत नाही."

"का चालत नाही?"

"नियम आहेत."

"देव काय कपडे बघतो का रे तुमच्या नियमात?" मीच भडकले. "ही बाई झोपत नाहीये! तुम्ही दारोदार विचारत हिंडता, कोणाला काही हवंय का म्हणून. आता एकीला हवंय, तर नियम?"

"सिस्टर स्मारांदा, तुम्ही तरी..."

"मी तरी काय?"

वेतुरिया टाय घडी करून परत ठेवायला लागली, आणि ते बघवेना.

"थांबा," हॅसलम म्हणाला. "मला नाही समजलं. हळू सांगा."

मी सांगितलं. एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला सांगावं तसं. तो पुढे वाकून ऐकत होता, एक पाय गाव्रिलच्या बुटात आणि दुसरा मोज्यात.

"म्हणजे मी घातलं की त्याला मिळतं?"

"हो."

"त्याला आता स्वतःला घालता येत नाही, म्हणून?"

"हो रे बाबा."

तो बारोसकडे वळला. मोडक्यातोडक्या भाषेतच बोलला, बहुतेक वेतुरियाला कळावं म्हणून.

"मी बारा वर्षांचा असताना आमच्या मंदिरात गेलो. पाण्यात उतरलो. मेलेल्या माणसांच्या नावाने बाप्तिस्मा घ्यायला. एक नाव घ्यायचे, मला पाण्यात बुडवायचे, मग दुसरं नाव. त्यांना शरीर नव्हतं. माझ्याकडे होतं. तूही उतरलास ना?"

"उतरलोय," बारोस म्हणाला.

"मी त्यांतल्या एकालाही ओळखत नव्हतो. त्यांची बायको समोर बसलेली नव्हती." त्याने दुसरा बूट उचलला. "तू मोठा आहेस. तू नाही म्हणालास तर मी नाही घालणार. पण मग पाण्यात का उतरलो, ते मला सांग."

बारोस नियमाला चिकटून असतो, पण मूर्ख नाही. त्याने पुस्तक पिशवीत टाकलं.

"आमच्या मिशनच्या अध्यक्षांना मी कळवीन," तो म्हणाला. "बोलणी बसली तर मी खाईन. तो नवा आहे, चूक माझी ठरेल. पण आतले कपडे नाही बदलायचे, मॅडम. ते आमचे वेगळे, पवित्र असतात, त्यावर मी जास्त बोलू शकत नाही."

"मग गाव्रिल तिकडे आतून उघडा?" वेतुरिया ताडकन म्हणाली. रडणं संपलं होतं.

"वरून चढवतो," हॅसलम म्हणाला. "एकावर एक. मला उकडेल, पण चालेल."

वेतुरियाने विचार केला. "चालेल," ती म्हणाली. "त्याला थंडी फार वाजायची."

शनिवारी तिने मेणबत्ती पेटवून, तिच्या स्वयंपाकघरात, सगळं त्याच्या हातात दिलं. तिच्या फादरना तिने विचारलं नव्हतं. "नको तिथे विचारलं की नको ते उत्तर मिळतं," म्हणाली. हॅसलमच्या तोंडून सवयीने 'थँक्यू' निघणार होतं. बारोसने त्याच्या पायावर पाय दिला. "देव त्याला क्षमा करो," हॅसलम म्हणाला, आणि इतकं स्वच्छ म्हणाला की मी चकित झाले. रात्रभर घोकलं असणार.

मला धास्ती वेगळीच होती. कपडे प्रार्थनेला घालून गेलेले तिने पाहायला हवे होते, आणि प्रार्थना आमची होती. त्या दारातून ती आत येईल असं मला वाटत नव्हतं. मी तिला आग्रह केला नाही. वीस वर्षं केला होता, काय उपयोग झाला?

रविवारी हॅसलम त्या सूटमध्ये पायऱ्या चढून वर आला आणि आमची मूठभर माणसं उठूनच उभी राहिली. यांतली निम्मी गाव्रिलला ओळखायची. छातीवर नावाची पट्टी नव्हती. बारोसने ती स्वतःच्या खिशात ठेवली होती आणि नारिंगी टायची गाठही त्यानेच बांधून दिली होती. मी शेजारची खुर्ची अडवून बसले. पहिलं भजन झालं. दुसरं झालं. खुर्ची रिकामीच.

मग नवीन एल्डरने बोलायची वेळ आली. तो उठला, तेवढ्यात मागचं दार करकरलं. वेतुरिया. काळा रुमाल, हातात पर्स घट्ट धरलेली. उंबऱ्यावर तिने क्रूस काढला, आमच्या देखत, खुशाल, आणि आत येऊन दाराजवळच्या खुर्चीवर टेकली.

हॅसलमने आल्यापासून भाषण पाठ केलं होतं, मला ते सगळं माहीत होतं. त्यातलं तो काहीच बोलला नाही.

"माझं नाव एल्डर हॅसलम. मी नवा आहे. हे कपडे गाव्रिल उंगुर्यानू यांचे आहेत. मी त्यांच्यासाठी घातले आहेत. देव त्यांना क्षमा करो."

आमच्यात असं म्हणायची पद्धत नाही. पण आम्ही सगळे जन्माने इथलेच. "देव त्यांना क्षमा करो," असं सगळी खोली एकदम पुटपुटली, आणि मीही त्यात होते. तो खाली बसला. कपाळावरून घामाची धार लागली होती.

सभा सुटल्यावर वेतुरिया त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिने हॅट नीट केली, थोडी डावीकडे कलती, गाव्रिल घालायचा तशी.

"आता पुढे चाल," ती म्हणाली. "घरापर्यंत. आणि मागे वळू नकोस."

तो निघाला. मोठ्या रस्त्याने, चेस्टनटच्या झाडांखालून. बारोस आणि मी बऱ्याच मागे राहिलो, नियमापुरती नजर ठेवून. मध्ये वेतुरिया एकटी. भाजीवाल्यांनी हातातली कामं थांबवली. ती तपकिरी पाठ लांब लांब ढांगा टाकत चालली होती, आणि मला आठवलं, हे दोघं जन्मभर असेच चालले होते. तो पुढे, ती मागे, आणि मधलं अंतर वाढत जायचं.

चौकापाशी वेतुरिया धापा टाकायला लागली. आणि ओरडली, पूर्वी ओरडायची तश्शीच, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी:

"गाव्रिल! अरे, जरा हळू!"

त्याने मागे वळून पाहिलं नाही. फक्त पावलं हळू केली.

ती त्याच्यापाशी पोचली. बाजूला जाऊन तिने त्याच्याकडे नाही पाहिलं, नुसती पाठीमागे उभी राहिली आणि कॉलरवरून हात फिरवला. कॉलर स्वच्छ होती.

"पोचले त्याला कपडे," ती म्हणाली. "जा आता, बाळा. उकडत असेल तुला."