कप्तानाच्या वाटीतली कोंबडी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी बेहिजे दुकानात आली, आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच तिने चमचा मागितला. उस्कुदारच्या बोटीच्या धक्क्यामागचं हे दुधाच्या मिठायांचं दुकान सासऱ्यांचं, पण त्यातली कोंबडीच्या मांसाचे धागे घातलेली गोड खीर गेली चाळीस वर्षं तिच्याच हातची. परातीत थापलेल्या घट्ट खिरीत तिने चमचा खुपसला आणि वर उचलला. तार निघाली नाही. खीर मऊ मातीसारखी तुटली.

"तुंजाय, कोंबडी कुठाय?"

मुलगा काच पुसत होता. "काढून टाकली."

"काढून टाकली?"

"आई, अर्धी गिऱ्हाइकं नाव ऐकूनच तोंड वाकडं करतात. परवा एका मुलीने चाटूनपुसून खाल्ली. मग नवऱ्याने सांगितलं, आत कोंबडी आहे. तर ती रुमालात थुंकायला लागली. आता नुसतं दूध, साखर, तांदळाचं पीठ. नाव तेच ठेवलंय. कुणाला कळतंय?"

"नाव तेच! वा रे शहाण्या!"

नाक मुरडणाऱ्यांचा बेहिजेला कधी राग आला नव्हता. तिच्या स्वतःच्या लग्नात नवऱ्याचे दोन काका याच खिरीपायी एकमेकांकडे पाठ करून बसले होते, आणि तिला त्याची मजाच वाटली होती. ज्याला नको त्याने तांदळाची खीर खावी. पण ज्याने ही मागितली, त्याच्या वाटीत हीच पडली पाहिजे.

"तुझे रिफ्की कप्तानसुद्धा तीन गुरुवार खाऊन गेले," तुंजाय म्हणाला. "वाटी स्वच्छ! विचारलं तर म्हणाले, छान."

हे मात्र तिला लागलं. फेरीबोटीवरून निवृत्त झालेला हा म्हातारा कोंबडी कोवळी होती की जून, हे पहिल्या घासाला सांगायचा. त्यालाच कळलं नसेल, तर ती आजवर थंड पाण्यात हात बुडवून धागे कुणासाठी धूत होती?

"उद्या गुरुवार," ती म्हणाली. "उद्याची खीर मी करते. कप्तानाला काही सांगायचं नाही. त्याला फरक कळला नाही, तर तुझी खीर कायमची. मी पुन्हा बोलणार नाही."

"कबूल," तुंजाय म्हणाला.

गुरुवारी सकाळी ताजी कापलेली कोंबडी आली. बेहिजेने छातीचं मांस उकडलं, केसाएवढे बारीक धागे सोडवले, आणि वास जाईपर्यंत सात पाण्यांतून काढले. गुडघा ठणकत होता. काळजी तिला गुडघ्याची नव्हती.

दुपारी कप्तान आला, नेहमीच्या टेबलाशी बसला. त्याने पहिला चमचा बेफिकिरीने उचलला. तार निघाली, वीतभर लांब झाली. कप्तान थबकला. घास तोंडात घोळवला. मग कोटाच्या खिशातून त्याने घडी केलेला कागद काढला.

"बेहिजेताई, हा फाडू का?"

"काय आहे तो?"

"जिभेच्या डॉक्टरची चिठ्ठी. सोमवारी बोलावलंय." म्हाताऱ्याने चिठ्ठीची घडी उलगडली. "तीन आठवडे इथे काही लागतच नव्हतं तोंडाला. म्हटलं, कान गेले, डोळे गेले, आता जीभही गेली. पोरगा विचारायचा, कशी झालीय काका? लाज वाटायची. म्हणायचो, छान."

तुंजाय हातातलं फडकं पिळत उभा होता. पिळायला त्यात पाणी नव्हतं.

"काका, तुमची जीभ शाबूत आहे," तो शेवटी म्हणाला. "कोंबडी मी काढली होती."

कप्तानाने चमचा टेबलावर आपटला.

"अरे गाढवा! जीभ गेली समजून मी घरी बायकोने केलेल्या सुपात रोज चमचाभर मीठ ओततोय. ती रुसून बहिणीकडे गेलीय!"

बेहिजे इतकी हसली, की तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. मग तिने एका डब्यात चार माणसांची खीर भरली आणि कप्तानापुढे ठेवली. "जा, तिला घेऊन या. आणि खरं काय झालं ते सांगा. नाव माझ्या पोराचंच घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, तेव्हा तुंजाय बाह्या वर करून मोरीशी वाकला होता. बोटं गारठून लाल झाली होती. त्याने ओंजळभर धागे तिच्या नाकाशी धरले.

"बघ ना आई, गेला का वास?"

तिने हुंगलं.

"नाही अजून. धू."